प्रश्न विचारायला पैसे कोण देतं?

इंग्लंडमधल्या लेस्टरला आलेल्या पाहुण्याला मेल्टन रोडवरचं भारतीय जेवण हवं असतं, नाहीतर राजा तिसऱ्या रिचर्डची कबर. मी मात्र त्याला व्हिक्टोरिया पार्कलगतच्या विद्यापीठाकडे नेते. 10 सप्टेंबर 1984 च्या सकाळी इथे जनुकशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी एक्स-रे फिल्म बाहेर काढली. तिच्यावर राखाडी-काळ्या पट्ट्यांची गिचमिड होती, पण माणसागणिक वेगळी. डीएनए फिंगरप्रिंटिंग जन्मलं ते असं. आज त्याने गुन्हेगार पकडले जातात, पण जेफ्रीज खुनी शोधत नव्हते, जनुकांमधले फरक शोधत होते. पाठीशी होती लिस्टर इन्स्टिट्यूट या धर्मादाय संस्थेची फेलोशिप.

त्याच विद्यापीठाने 2021 मध्ये बिझनेस स्कूलमधल्या, कंपन्यांच्या कारभाराची चिकित्सा करणाऱ्या अनेक अभ्यासकांना नारळ दिला. शुद्ध गणितावरही कुऱ्हाड आली. प्रशासन म्हणालं, संशोधनाची दिशा बदलतोय. प्राध्यापकांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला.

टीकाकारांना घालवायला कुणा उद्योगपतीचा फोन यावाच लागतो असं नाही. इंग्लंडमधली विद्यापीठं मोठ्या प्रमाणात फीवर चालतात: 2021 मध्ये इथल्या विद्यार्थ्याला वर्षाला 9,250 पौंड, भारतातून येणाऱ्या मुलांना बरीच जास्त. सरकारी संशोधन-अनुदानाचा मोठा हिस्सा काही वर्षांनी होणाऱ्या ‘रेफ’ या मूल्यमापनावर ठरतो. मग कुठला विषय ‘परवडतो’ हे हिशेबाची वहीच ठरवते. मॅनेजमेंट शिकायला आलेल्यांच्या फीवर मॅनेजमेंटचेच टीकाकार पोसले जात होते, याची मला गंमत वाटायची. गणितात पुढे जागा राहिली ती कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सला.