पेल्याच्या पाठीवरचे केस

पावसाळ्यात सह्याद्रीच्या दाट, ओलसर रानांत, पडून कुजू लागलेल्या फांद्यांवर देठ असलेले गुलाबी पेले उगवतात. त्यांना छत्री नसते, छत्रीखालच्या पट्ट्याही नसतात, आणि त्यामुळे ही बुरशी आहे हे पाहणाऱ्याला चटकन पटत नाही. कुकिना या प्रजातीतील, म्हणजे निकटच्या जातींच्या गटातील, ही बुरशी असून इंग्रज कवकशास्त्रज्ञ मॉर्डेकाय क्यूबिट कुक (१८२५–१९१४) यांच्या नावावरून ओटो कुन्ट्झे यांनी १८९१ मध्ये तिला हे नाव दिले.

ओळख पटवताना पहिली फसगत रंगामुळे होते. ताजा पेला गुलाबी किंवा नारिंगी असला, तरी वय वाढेल तसा तो फिका पडून पिवळट किंवा पांढुरका होतो. म्हणून रंगापेक्षा पेल्याची पाठ पाहणे अधिक भरवशाचे ठरते. कुकिना ट्रायकोलोमा या जातीत बाहेरच्या संपूर्ण अंगावर आणि काठावर लांब, डोळ्यांना सहज दिसणारे केस असतात (जातिनामाचा ग्रीक अर्थही ‘केसांची झालर’ असाच आहे), तर कुकिना स्पेसिओसा हिचे केस आखूड आणि मुख्यतः काठालगत असतात. युरोपातील लालभडक सार्कोसिफा पेल्यांबाबतही हेच घडते: त्यांच्या दोन जाती रंगावरून वेगळ्या करता येत नाहीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकीचे केस सरळ आणि दुसरीचे पिळदार दिसतात.

पेल्याच्या आतला गुळगुळीत थर असंख्य धान्यांचा, म्हणजे बीजुके धारण करणाऱ्या नळीसारख्या पिशव्यांचा, बनलेला असतो. प्रत्येक धानीत आठ बीजुके असतात आणि तिच्या टोकाशी, थोडे एका बाजूला, झाकण असते; दाब वाढताच ते उघडते आणि बीजुके बाहेर फेकली जातात. कुकिनाच्या एका पेल्यातील धान्या साधारण एकाच वेळी पक्व होतात, हे तिचे खास लक्षण होय.

तपकिरी, जेलीसारखी लवचिक आणि कानाच्या आकाराची ऑरिक्युलॅरिया, तसेच तळाशी अंड्यांसारख्या चपट्या गोळ्या असलेले सायाथसचे चिमुकले पेले पाहून गल्लत होऊ शकते. पण पहिलीला असा सडपातळ देठ नसतो आणि कुकिनाच्या पेल्यात गोळ्या नसतात. फांदी न उचलता वरून काढलेल्या छायाचित्रात केसांची ठेवण आणि देठ दिसत नाहीत, म्हणून अभ्यासकांना दाखवण्यासाठी निदान एक छायाचित्र बाजूने घ्यावे.