पहिली गाडी कशी असावी?

श्रोतेहो, मुलगा अठरा वर्षांचा झाला, परवाना हाती आला, आणि पहिलीच गाडी म्हणून त्याला दांडग्या ताकदीची स्पोर्ट्स कार हवी. द्यावी का?

गुरुजी, गणित फळ्यावर मांडा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते, ७२ ने २० मीटर. वेग दुप्पट, पण ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर लागते चौपट.

१९७५ सालच्या पोर्शे ९११ टर्बोची ताकद २६० अश्वशक्ती. जोर उशिरा यायचा, पण एकदम! वळणावर घाबरून पाय काढला, की मागची बाजू घसरायची. मुरलेले चालकही तिला जपून हाकत.

नवख्या गाडीवानाच्या हाती शर्यतीचे बैल कुणी देतो का? आधी साधी गाडी द्या, हात बसू द्या. ताकदीची गाडी पुढेही घेता येईल. पोरगा पुन्हा मिळणार नाही.