धरणाच्या काठावरून गळ टाकताना



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले, आणि एका सदस्येच्या मुलीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातलं मोठं तळं, पाण्यात आत गेलेला लाकडी धक्का, त्याच्या टोकाला एक बाई गळाची काठी घेऊन निवांत बसलेली. थोड्या वेळाने तिने ठिपक्या-ठिपक्यांचा तपकिरी मासा वर ओढला. मुलगी म्हणाली, "ताई, हा मासा आपल्या वाघूर धरणात मिळेल का?"

नाही मिळणार. त्या माशाचं नाव ट्राउट. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास त्याची अंडी काश्मीरमध्ये आणली, आणि तिथल्या गार, वाहत्या पाण्यात तो रुजला. त्याला थंड पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पण मुलीच्या प्रश्नात दुसरा एक प्रश्न होता, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. काठावर बसून बाईने घरापुरता मासा धरला तर काय बिघडलं?

आपल्या भागात पाणीसाठे कमी नाहीत. जळगावकडे हतनूर, वाघूर, गिरणेचं पाणी. धुळ्याकडे अक्कलपाडा, अनेर. शिवाय गावोगावचे पाझर तलाव. तरी आमच्या गावात रक्त तपासलं की कितीतरी जणींचं रक्त कमी निघतं. मासा हे चांगलं प्रथिन आहे. रक्त तयार व्हायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व त्यात असतं. बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर हाडांना कॅल्शियम मिळतं. ज्यांच्या घरी मासा चालतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आधी विचारा, मग गळ टाका. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. संस्थेच्या माणसाला भेटा, कुठे बसायचं, किती न्यायचं ते ठरवून घ्या. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. चोरून धरलेला मासा भांडण घेऊन घरी येतो.

आता मासा ओळखू या. त्याचं तोंड बघा, तो कुठे खातो ते कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणून तो वरच्या पाण्यात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी चरतो. रोहू मधल्या पाण्यात. वाम आणि शिंगाळा तळाला, चिखला-दगडांत. मरळ गवताच्या कडेला दबा धरून बसते. ती वरची हवाही घेते, म्हणून कमी पाण्यातही तग धरते. चिलापी तर काठालाच असते, आणि लहान मुलालाही सापडते.

म्हणजे मृगळ हवा असेल तर आमिष तळाला टेकलं पाहिजे, रोहू हवी असेल तर मधे लोंबलं पाहिजे. दोऱ्यावरचा तरंगता तुकडा वर-खाली सरकवला की हे जमतं.

सामान फार लागत नाही. बांबूची सरळ काठी, तंगूस, लहान गळ, शिशाचा छोटा मणी आणि तरंगायला मोरपिसाची काडी किंवा थर्माकोलचा तुकडा. आमिष आपल्या घरातच आहे. रोहू-मृगळाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून घट्ट गोळी करा. वाम, शिंगाळा, मरळ यांना गांडूळ. आदल्या दिवशी त्याच जागी थोडी पेंड टाकून ठेवली तर मासा तिथे यायला लागतो.

वेळ पहाटेची किंवा दिवस कलताना. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी मासा काठ सोडून खोल जातो. वारा ज्या काठाकडे वाहतो, तिकडे किडे, पाला, खाणं जमा होतं, मासाही तिकडेच. नाला जिथे धरणाला मिळतो ती जागाही चांगली. पौषाच्या कडाक्यात रोहू-मृगळ कमी खातात, तेव्हा रिकाम्या हाताने परतलात तर स्वतःला दोष देऊ नका.

आता माझी एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आषाढात, पहिला पूर येऊन गेल्यावर, माझ्या गळाला चांगली जड रोहू लागली. मी मोठ्या आनंदाने ती मिरवत आणली. गटातल्या एका आजींनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोटुशी शे ती, माय." चिरली तर पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. मला ते कालवण गोड लागलं नाही.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वर चढतात आणि वाहत्या पाण्यात अंडी घालतात. म्हणूनच तळ्यात बीज सोडावं लागतं. पूर्वी हे बीज नदीतूनच गोळा करायचे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात इंजेक्शन देऊन माशांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. एका बाजूला एवढ्या कष्टाने बीज तयार करायचं, आणि दुसऱ्या बाजूला चढणीची पोटुशी मासळी ओढून काढायची, हे बरं नाही. आमच्या गटाने ठरवलं: आषाढ-श्रावणात रोहू-कटल्याला गळ नाही, आणि वीतभराहून लहान रोहू, कटला, मृगळ कधीही परत पाण्यात. सोडताना हात ओला करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. चिलापी मात्र खुशाल न्या. ती साठलेल्या पाण्यातही वाढते, पिल्लं तोंडात सांभाळते, संपत नाही.

शेवटी जिवाचं बोलते. धरणाच्या भिंतीवर, दरवाजांजवळ, पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ बसायचं नाही. दगडी पिचिंगवर शेवाळ असतं, तिथे चप्पल घसरते. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर पावसाळ्यात उतरूच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि तापीचं पाणी मध्य प्रदेशातून येतं. आपल्याकडे कोरडं आभाळ असलं तरी वर पाऊस झाला की दरवाजे उघडतात. भोंगा वाजला की काठी टाकून वर या, काठी दुसरी मिळेल. काठावर शेतीच्या मोटारींच्या तारा असतात, तिथे ओली काठी उंचावू नका. शिंगाळ्याच्या पंखाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवा, कळ कमी होते. गळ बोटात रुतला तर ओढू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा.

परवा ती मुलगी आईबरोबर काठावर आली होती. दोन तासांत पाच चिलाप्या आणि बोटाएवढी एक रोहू. रोहू तिने स्वतःहून पाण्यात सोडली. घरी काळ्या मसाल्यातलं कालवण आणि दादरची भाकरी झाली. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, आणि आषाढ लागायच्या आधी आपल्या गावाचा नियम ठरवून टाका.