तीन तारांची गोष्ट आणि खरे इत्झाक पर्लमन

व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिओग्रस्त व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच तार तुटली. कुबड्या घेऊन पुन्हा आत जाण्याऐवजी त्यांनी उरलेल्या तीन तारांवरच अख्खी रचना वाजवली. शेवटी तात्पर्य असतं : जे उरलं आहे त्यातून संगीत घडवा.

गोष्ट छान आहे. पण ती खरी असल्याचा पुरावा मिळत नाही.

तार तुटली की काय करतात?

ही गोष्ट अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात छापून आली ती २००१ मध्ये, म्हणजे सांगितलेल्या कार्यक्रमानंतर पाच-सहा वर्षांनी. तेव्हाच्या बातम्यांत किंवा समीक्षणांत तिचा मागमूस नाही. वाद्यवृंदासोबत वाजवताना एकल वादकाची तार तुटली, तर शेजारचा प्रमुख व्हायोलिनवादक आपलं वाद्य त्याच्या हातात देतो, ही तिकडची जुनी रीत. १९८६ मध्ये टॅंगलवूडच्या महोत्सवात १४ वर्षांच्या मिदोरीची तार एकाच रचनेत दोनदा तुटली. तिने दोनदा व्हायोलिन बदललं आणि रचना पूर्ण केली. ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. मग खुद्द न्यूयॉर्कमध्ये पर्लमन तीन तारांवर वाजवतात आणि कुणी एक ओळ लिहीत नाही, हे पटत नाही.

खरी कारकीर्द

पर्लमन यांचा जन्म १९४५ चा, तेल अवीवचा. चौथ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय अधू झाले. साल्क यांची लस वापरात आली १९५५ मध्ये. त्यांच्यासाठी ती उशिराच आली. व्हायोलिन मात्र सुटलं नाही. १९५८ मध्ये, १३ व्या वर्षी, ते अमेरिकेत एड सुलिव्हन यांच्या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात झळकले. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत इव्हान गॅलामियन आणि डोरोथी डिले यांच्याकडे शिक्षण झालं. १९६३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पदार्पण, १९६४ मध्ये मानाची लेव्हेंट्रिट स्पर्धा जिंकली. ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) या चित्रपटातलं काळीज हलवणारं व्हायोलिन त्यांचंच. १९९४ पासून पत्नी टोबी यांच्यासह ते तरुण वादकांना घडवत आहेत. २०१५ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

अडलं कुठे?

व्हायोलिन हनुवटी आणि खांद्यामध्ये धरतात. डाव्या हाताची बोटं तारांवर, उजव्या हातात गज. पायांचं यात काही काम नाही. पाश्चात्त्य एकल वादक उभं राहून वाजवतात, पण तो रिवाज, नियम नव्हे. पर्लमन खुर्चीत बसून वाजवतात. आपल्याकडे तर व्हायोलिनवादक मांडी घालूनच बसतो, त्याचं कुणाला नवलही वाटत नाही.

म्हणजे वाजवताना अडचण नव्हती. अडचण होती खुर्चीपर्यंत पोचण्याची. कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात, म्हणून त्यांचं व्हायोलिन दुसरं कुणीतरी मंचावर आणून देई. पुढे ते विजेवरची स्कूटर वापरू लागले. पण विमानतळावरचे जिने, हॉटेलातली अरुंद दारं आणि मंचाच्या पायऱ्या यांना स्कूटरचा काय उपयोग? इमारती आणि प्रवास अपंगांना सोयीचे असावेत, हा मुद्दा ते वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. सुरुवातीच्या काळात त्यांच्यावर लिहिताना कुबड्यांचा उल्लेख आधी आणि वादनाचा नंतर येई. तेही त्यांना खटकत असे. वादनाचं मोल वादनावरूनच करा, एवढंच त्यांचं मागणं.

फॉरवर्ड करण्याआधी

तीन तारांच्या गोष्टीची खरी गोम इथे आहे. तिच्यात कुबड्या घेऊन पुन्हा आत जाणं कष्टाचं असतं, आणि त्यावर उपाय काय, तर कलाकाराची जिद्द! वाट सोपी का केली नाही, हे कुणी विचारत नाही. डोळे पुसायचे, पुढे पाठवायचं, संपलं.

पोलिओ आपल्याला परका नाही. भारत पोलिओमुक्त जाहीर झाला २०१४ मध्ये. त्याआधी पोलिओ झालेली कितीतरी माणसं आज आपल्या आजूबाजूला आहेत आणि त्यांत गाणारे-वाजवणारेही असणारच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सुगम करण्याची आणि सांस्कृतिक जीवनात सहभागाची तरतूद आहे. नाट्यगृहात प्रेक्षकांसाठी दाराशी रॅम्प झाला की काम झालं, असं मानलं जातं. कलाकाराला मंचावर जायला पायऱ्यांखेरीज वाट आहे का? मेकअप रूमच्या स्वच्छतागृहात व्हीलचेअर शिरते का? पुढच्या संगीत सभेआधी आयोजकांनी एवढं पाहून घेतलं, तरी पुष्कळ.