काठी आपल्या मापाची, मोजणी खरीखुरी!

बालमित्रांनो, तुम्हांला विटीदांडू येतो ना? मग निम्मं गोल्फ तुम्हांला आलंच म्हणून समजा. उरलेलं निम्मं तुम्ही गोट्या खेळताना शिकलात! खरं नाही वाटत? अहो, विटीदांडूत टोला हाणून विटी लांब पाठवायची असते आणि गोट्यांत गोटी नेमकी गलीत घालायची असते. या दोन गोष्टी एकत्र केल्या की झालं गोल्फ!

मी वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरी गावात मुलांना शिकवते. आमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन भरपूर. गोल्फचं मैदान मात्र औषधालाही नाही. आमच्या पोरांनी हा खेळ पाहिला तो मोबाइलवर. हिरवंगार गवत, पांढरा चेंडू, चकचकीत काठ्यांनी भरलेली पिशवी! ते पाहून सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, हा श्रीमंतांचाच खेळ असते काय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग मी माहिती जमवायला लागले. जे सापडलं ते मुलांना सांगितलं आणि सोयाबीन निघाल्यावर शाळेमागच्या मोकळ्या रानात आम्ही खेळूनही पाहिलं. त्याचीच ही गोष्ट.

खेळ आहे तरी काय?

गोल्फच्या मोठ्या मैदानावर १८ गली असतात. त्यांना 'होल' म्हणतात. प्रत्येक होल १०८ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे तुमच्या पट्टीवर अकरा सेंटिमीटरलाही जरा कमीच. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावं आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असा नियम आहे. चेंडू ठेवून पहिला टोला मारायचा, मग तो जिथं पडेल तिथून पुढचा. असं करत करत तो होलात घालायचा. सर्वांत कमी टोले घेईल तो जिंकला. म्हणजे क्रिकेटच्या अगदी उलट. इथं आकडा जितका लहान, तितका खेळाडू मोठा!

प्रत्येक होलासाठी अपेक्षित टोल्यांची संख्या ठरलेली असते. तिला 'पार' म्हणतात. होल जवळ असेल तर तीन, मध्यम अंतरावर असेल तर चार आणि लांब असेल तर पाच. बहुतेक मोठ्या मैदानांवर अठरा होलांचा एकूण पार ७२ च्या आसपास असतो.

पिशवीत चौदा काठ्या

गोल्फच्या काठीला 'क्लब' म्हणतात. एका खेळाडूला सामन्यात जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. एवढे कशाला? जरा कंपासपेटीतला कोनमापक काढा, म्हणजे सांगते.

क्लबच्या खालच्या भागाला डोकं म्हणतात. ते किती तिरपं आहे यावर चेंडू किती उंच उडणार आणि किती लांब जाणार हे ठरतं. 'ड्रायव्हर' नावाच्या सर्वांत लांब क्लबचा तिरपेपणा साधारण दहा अंश असतो. त्याने चेंडू लांबच लांब जातो. 'आयर्न' क्लबांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितका तिरपेपणा जास्त. सात नंबरच्या आयर्नचा कोन साधारण तीस-पस्तीस अंश. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू वर काढायचा 'सँड वेज' पंचावन्न अंशांच्या आसपास. आणि होलाजवळ आल्यावर चेंडू हळूच जमिनीवरून सरकवायचा तो 'पटर'. त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं असतं.

आता खरी गंमत. शिकणाऱ्याला चौदाच्या चौदा क्लब लागत नाहीत! एक लांब पल्ल्याचा क्लब, दोन आयर्न, एक वेज आणि एक पटर, एवढ्या पाचांवर सुरुवात छान होते. तेही कोणी वापरलेले, जुने असले तरी चालतात.

सळई वाकवली, क्लब झाला

मुंबईत चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. गोल्फ खेळणाऱ्यांची जड पिशवी उचलणाऱ्या मदतनिसाला 'कॅडी' म्हणतात. इथले कित्येक कॅडी जवळच्याच वस्त्यांमध्ये राहतात. दिवसभर दुसऱ्यांचा खेळ पाहायचा, पण आपण कुठं खेळायचं? त्यांनी युक्ती काढली. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून क्लब केला, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि वस्तीतल्या गल्लीबोळांतच गोल्फ मांडलं! त्यांची छायाचित्रं देशविदेशात छापून आली. गल्ली अरुंद, बाजूला पत्र्याची घरं. तिथं जोरकस टोला कामाचा नाही. नेम पक्का हवा.

दिल्लीचा अली शेर हाही आधी कॅडीच. इतरांचे क्लब वाहता वाहता तो पाहून पाहून शिकला. १९९१ साली त्याने 'इंडियन ओपन' ही मोठी स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली! त्याच्या आधी १९६५ साली बिल्लू सेठी या भारतीयाने ती जिंकली होती, आणि ते तर हौशी खेळाडू होते. हौशी म्हणजे बक्षिसाच्या पैशांसाठी नव्हे, तर खेळाच्या आवडीने खेळणारा.

अरे हो, चंद्रावरसुद्धा गोल्फ खेळलं गेलंय बरं का! १९७१ साली 'अपोलो १४' मधून गेलेल्या ॲलन शेपर्ड या अंतराळवीराने माती गोळा करायच्या अवजाच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं डोकं बसवलं. अवजड पोशाखामुळे दोन्ही हात जुळेनात, म्हणून एका हाताने टोला मारला. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली! मग पुढचे टोले लागले.

काठी निवडायची कशी?

आम्ही रानात खेळायचं ठरवलं तेव्हा मुलांना सांगितलं, "आपापली काठी शोधून आणा. खालचं टोक वाकडं पाहिजे." दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, मोठ्या मुलांनी बाभळीचे जाडजूड सोटे आणलेले! जितकी जड काठी तितका चेंडू लांब जाणार, असा त्यांचा हिशेब. पण तो चुकला. जड काठी हातात वेगाने फिरतच नाही. विज्ञानाच्या पुस्तकात गतिज ऊर्जा शिकलात ना? वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून वेगाने फिरवता येईल अशी काठी चांगली.

खरा क्लब घ्या की रानातली काठी, निवडताना एवढं पाहा :

१. लांबी : सरळ उभे राहा. मग कमरेतून थोडं वाका, गुडघे किंचित सैल सोडा आणि हात खांद्यातून मोकळे लोंबू द्या. अशा स्थितीत काठीचं डोकं जमिनीवर सपाट टेकलं पाहिजे. त्यासाठी फार वाकावं लागलं तर काठी आखूड. कोपर वर उचलावं लागलं तर ती लांब.

२. वजन : काठी हळू हळू दहा वेळा फिरवून पाहा. दहाव्या वेळी हात थरथरला तर ती तुमच्यासाठी जड आहे. खऱ्या क्लबांत स्टीलची दांडी जड असते, ग्राफाइटची हलकी. मोठ्यांचा क्लब कापून लहान केला तर लांबी बरोबर होते, पण तो जड आणि ताठच राहतो. म्हणून मुलांसाठी मुलांचाच क्लब बरा.

३. मूठ : डाव्या हाताने काठी धरा (डावखुऱ्यांनी उजव्या). मधलं आणि अनामिका ही बोटं तळव्याच्या फुगीर भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. पोचतच नसतील तर जाड. बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की झालं!

शेजारच्याची काठी छान दिसते म्हणून ती आपल्याला छान होत नाही. दादाची चप्पल घालून पळून पाहा, म्हणजे कळेल!

खेळ सुधारायचा कसा?

आता जरा गणित करू. पार ठरवताना असं धरतात, की होलाजवळच्या आखूड गवतावर पोचल्यावर प्रत्येकी दोन टोले पटरचे लागतील. अठरा होलांचे किती झाले? छत्तीस! म्हणजे ७२ टोल्यांतले निम्मे टोले हे हळूच सरकवण्याचे. आणि आपण सराव कशाचा करतो? लांब टोलवण्याचा!

२०२१ साली झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक खेळली. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फमध्ये होता. अदितीचे टोले इतर खेळाडूंइतके लांब जात नव्हते, पण होलाजवळ तिचा हात असा बसलेला, की बघत राहावं! तिची कॅडी कोण होती ठाऊक आहे? तिची आई! चार दिवस खेळून अदिती चौथी आली. पदकासाठीच्या बरोबरीपासून ती फक्त एका टोल्याने मागे राहिली. चार दिवसांत एक टोला!

म्हणून सरावाचा निम्मा वेळ होलाजवळ द्या. आधी दोन पावलांवरून दहा वेळा चेंडू घाला. दहाही गेले की तीन पावलांवर जा. लांब टोला मारताना पाय खांद्यांइतके फाकवा, मूठ फार आवळू नका, नजर चेंडूवर ठेवा आणि सगळा जोर एकदम लावू नका. आणि हो, काठी फिरवणाऱ्याच्या मागे-पुढे कोणीही उभं राहायचं नाही. चेंडू कुणाच्या दिशेने चाललाच तर 'फोऽऽर' असं मोठ्याने ओरडायचं, ही गोल्फची रीत आहे.

पंच नसलेला खेळ

आमच्या रानात आम्ही रंगाचे छोटे रिकामे डबे पुरून नऊ होल केले. चेंडू प्लास्टिकचा. आपले टोले आपणच मोजायचे आणि शेवटी फळ्यावर लिहायचे, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. तोच सातवीतला मुलगा, ज्याने मला प्रश्न विचारला होता, त्याचा चेंडू गवतात अडकला. त्याने फळ्यावर त्या होलापुढे पाच लिहिले. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यानं दोनदा काठी फिरवली, चेंडूले लागलीच नाही. ते कोठी गेले?"

तो चिडला. "लागलीच नाही तं टोला कसा?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी नियम वाचून ठेवला होता. चेंडू मारायच्या इराद्याने काठी फिरवली, की चेंडूला लागो न लागो, तो टोला मोजला जातो. मी तो नियम सांगितला, पण फळ्यावरचा आकडा खोडला नाही. त्याऐवजी एक गोष्ट सांगितली.

बॉबी जोन्स नावाचा एक अमेरिकन खेळाडू होता. स्पर्धांत तो कायम हौशी खेळाडू म्हणूनच खेळला. पोटापाण्यासाठी वकिली करायचा. १९२५ सालच्या 'यू.एस. ओपन' स्पर्धेत गवतातला चेंडू मारायला तो उभा राहिला आणि चेंडू अगदी किंचित हलला. कुणीही पाहिलं नव्हतं. पण जोन्सने स्वतःच सांगितलं, "माझा एक टोला जास्त धरा." अधिकाऱ्यांनाही काही दिसलं नव्हतं, त्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने तो टोला मोजला. स्पर्धेच्या शेवटी तो आणि विली मॅकफार्लेन यांची बरोबरी झाली. जादा अठरा होल खेळले, तरी बरोबरी! आणखी अठरा होल खेळले, त्यात जोन्स एका टोल्याने हरला. तो एक टोला त्याने मोजला नसता, तर बरोबरी झालीच नसती. स्पर्धा त्याचीच होती.

याच जोन्सने पुढे १९३० साली त्या काळच्या चारही सर्वांत मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली.

गोष्ट संपली. तो मुलगा काहीच बोलला नाही. दप्तर उचललं आणि घरी गेला. मला वाटलं, उद्यापासून हा खेळायला येणार नाही. रात्री मलाच चुकल्यासारखं वाटत राहिलं. सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगायला नको होती का?

सकाळी प्रार्थनेआधी तो आला. म्हणाला, "मॅडम, दोन नाही, तीन वेळा फिरवली होती. एक तिनं बी नाही पाहिली." आणि त्याने फळ्यावरचे पाच पुसून आठ लिहिले.

त्या खेळात त्याचा नंबर शेवटून दुसरा आला. पण त्या दिवशी काठ्या गोळा करताना ती पाचवीतली मुलगी त्याला सांगत होती, "तुह्यी काठी लय जड हाय. उद्या माह्यी घेऊन पाय."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. हिरवंगार मैदान आणि चौदा क्लबांची पिशवी महाग असते, हे खरं. पण नेम, सराव आणि खरी मोजणी यांना एक पैसाही लागत नाही.

तर दोस्तांनो, या सुट्टीत आपल्या मापाची एक काठी शोधा, एक डबा पुरा आणि मोजा बरं, किती टोल्यांत चेंडू आत जातो ते. हुकलेले टोलेसुद्धा मोजायचे हं! आणि आकडा मोठा आला तरी तो आम्हांला खुशाल कळवा.