भुजेवरची करवत

आम्ही धान्याचे व्यापारी. तागडीत चूक झाली तर पुन्हा तोलता येते. वखारीतील या यंत्रापाशी तशी सवलत नाही. १९२२ साली अमेरिकेत रेमंड डिवॉल्ट यांनी ते योजिले. लाकूड स्थिर राहते व वरच्या आडव्या भुजेवरून मोटरीसह पाते कामगार आपल्याकडे ओढतो. पात्याचे दात लाकूड मागील पट्टीवर रेटतात आणि त्याच चाव्याने पाते आपण होऊन अंगावर धावते. म्हणून ओढणारा हात ताठ ठेवावा. काम ओढण्याचे थोडे, आवरण्याचेच फार! दुसरा हात पात्याच्या मार्गापासून वीतभर दूर असावा. काप होताच पाते पट्टीमागे परत न्यावे, मगच लाकडास स्पर्श करावा. बहुतेक कामगार घाई करतात ती नेमकी येथेच, आणि ती घाई पुष्कळदा आम्हां मालकांचीच असते.