परीक्षकाला जांभई येऊ नये म्हणून

केंब्रिजच्या ‘बी-टू फर्स्ट’ या इंग्रजी परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे येणारी मुलं निबंध घोटून आलेली असतात. लेखनाचा पेपर १ तास २० मिनिटांचा. त्यात निबंध सक्तीचा. दुसऱ्या भागातल्या पर्यायांत लेख असू शकतो. शब्द १४० ते १९०. इथेही मुलं निबंधच उतरवतात.

निबंधात मत मांडून ते पटवायचं असतं. लेखात वाचकाला धरून ठेवायचं. लेख कुठे छापायचा, हे प्रश्नातच दिलेलं असतं. कॉलेजच्या मासिकासाठी असेल, तर मित्राशी बोलावं तसं लिहा.

‘माझा छंद’ या विषयावर एका मुलीने सुरुवात केली, “छंद आयुष्यात महत्त्वाचे असतात.” मी विचारलं, “तू स्वतः काय करतेस गं?” म्हणाली, “आजोबांचे जुने रेडिओ दुरुस्त करते.” मग हे का नाही लिहिलंस? दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात होती, “विजेचा झटका बसूनही कधी खूश झाला आहात?” पुढे तिने डाग देताना येणारा वास लिहिला, खरखरीतून अचानक उमटलेलं गाणं लिहिलं. इंग्रजी तेवढंच, पण लेखात जीव आला.

गुण आशय, संवादाचा सूर, मांडणी आणि भाषा यांना, प्रत्येकी ५. त्यामुळे विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर हवंच. नुसती चटकदार सुरुवात पुरत नाही. पाठ केलेली भारदस्त वाक्यं मात्र घरीच ठेवा. आणि शेवटची पाच मिनिटं क्रियापदांचे काळ तपासायला राखा.